समुद्राकडच्या खोलीतला पलंग

कॅलबॅश बे, सेंट एलिझबेथ,
जमैका.
रविवार, १३ नोव्हेंबर १९६६

लाडक्या विल्मट,

तुला, पर्लला आणि तिन्ही लेकरांना आयसीचे पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. पर्ल सुखरूप सुटली हे वाचून जिवात जीव आला. मुलगी झाली एवढंच लिहिलंस, नाव काय ठेवलं ते लिहिलंच नाहीस. बर्मिंगहॅमला राहून अर्धवट बातम्या द्यायला शिकला आहेस. पर्लला इतक्यात गार पाण्यात हात घालू देऊ नकोस. तिकडे थंडी फार, आणि तुझ्या घरात कामाला कोण असतं ते मला ठाऊक आहे.

इथे सगळं बरं आहे. कलिंगडं यंदा बेताची, कांद्याची पात मात्र चांगली आली. मास नेथनची शेळी पुन्हा कुंपणातून आत शिरली आणि मी शिवायला घेतलेल्या शाळेच्या गणवेशाची बाही चावून गेली. तक्रार करायला गेले तर म्हणतो, "आयसी, शेळीला शिक्षणाची आवड आहे, तिला अडवू नकोस." सत्तरी ओलांडली तरी जिभेला हाड नाही.

आज स्मरणाचा रविवार होता. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी युद्धात गेलेल्यांची नावं वाचली. आपल्या ऑब्रेचं नाव आलं तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी नेहमीसारखं हळहळलं. आई या रविवारी कधीच चर्चला जायची नाही, आठवतं ना? "ज्याला पुरला नाही त्याच्यासाठी मी उभी राहणार नाही," म्हणायची आणि अंगण झाडत राहायची. मी दरवर्षी जायची. पाद्रीबुवांना वाईट वाटेल म्हणून जाते, असं सांगायची. परत आले की आई झाडू न थांबवता विचारायची, "नीट वाचलं का गं नाव?" आज घरी आले आणि कुणी विचारलं नाही. टोपी काढून बराच वेळ अंगणातच बसले, मग कागद घेतला.

तू पत्रात एकच गोष्ट विचारली आहेस. म्हणतोस, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, पलंग हलवला का तेवढं सांग. सांगते. पण मला माझ्या चालीनं सांगू दे, मध्येच पानं उलटून शेवट शोधू नकोस.

आधी आईचं सांगते. तार मिळाल्यावर तू निघणार होतास आणि नेमक्या पर्लला कळा सुरू झाल्या, हे मी सगळ्यांना सांगितलं. कुणीही तुला नावं ठेवली नाहीत. शेजारच्या मिस एफीनं ठेवली, पण ती देवालाही ठेवते. पेटी मास नेथनच्या पुतण्यांनी केली, सीडरच्या लाकडाची, वास सगळ्या घरात भरला होता. आई चर्चमागे बाबांच्या शेजारी आहे. बाबांच्या पलीकडची जागा ऑब्रेची म्हणून आईनं राखून ठेवली होती, ती तशीच मोकळी आहे. तिथे गवत वाढतं, मी काढते, पुन्हा वाढतं.

रात्री जागवायला माणसं भरपूर आली. मास नेथन भजनाची ओळ सांगायचा आणि बाकीचे उचलायचे. अंगणात डॉमिनोचा डाव, चुलीवर कॉफी, ब्रेड आणि तळलेले मासे. पाद्रीबुवांना हे प्रकार आवडत नाहीत, तरी एकदा येऊन कॉफी पिऊन गेले. आईबद्दल सगळे चांगलं बोलले. जिवंतपणी ज्यांना तिनं फाटकाबाहेर काढलं होतं ते जरा जास्तच चांगलं बोलले.

तुझी थोरली विचारते म्हणालास, बाबा पलंगाचं काय सारखं म्हणतात. तिला वाचून दाखव. तिला सांग, आपल्याकडे माणूस गेलं की नऊ रात्री जागवतात, आणि नवव्या रात्री त्याची खोली अशी फिरवून टाकतात की तो परत आलाच तर त्याला ओळखू येऊ नये. पलंग या भिंतीचा त्या भिंतीला, गादी उलटी, आरसा भिंतीकडे तोंड करून. गेलेला आत डोकावतो, म्हणतो, हे आपलं घर नव्हे, आणि पुढच्या वाटेला लागतो. ज्या पलंगावर जीव गेला तो तर हलवायलाच हवा.

आणि तिला हेही सांग, की तुझ्या ऑब्रेकाकाची नववी रात्र कधी झालीच नाही. त्याचं विमान जर्मनीवर बाँब टाकून परत फिरलं होतं. सात पोरं होती त्यात. आपला ऑब्रे बिनतारी यंत्रावर, त्यामुळे शेवटचा निरोप आला तो त्याच्याच बोटांनी पाठवलेला. खाली समुद्र आहे, एवढाच. सकाळी शोधायला गेलेल्या विमानांनाही तेवढंच दिसलं. सरकारी कागद आला तेव्हा तू शाळेत होतास. मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पोरगं दाखवा, मग मी रात्री मोजायला बसते." पुढे गावातल्या बायका समजवायला आल्या, त्यांना म्हणाली, "जिवंत असला तरी येईल, मेला असला तरी येईल. दोन्ही वेळेला त्याला खोली ओळखू आली पाहिजे." गावानं तिला वेडी ठरवली. अंधार पडला की पोरं आपल्या घरावरून पळत जायची. मला यात वेड कधी दिसलं नाही, पण तसं मी कुणाला बोलून दाखवलं नाही. उलट मीही डोळे फिरवायची. त्यामुळे मिस एफीशी पटायचं.

आणि तुझा तो शनिवार. पर्लशी लग्न ठरलं होतं, तुला खोली हवी होती, यात तुझं काय चुकलं? आई ब्लॅक रिव्हरच्या बाजाराला गेली आणि तू पलंग आतल्या भिंतीला सरकवलास, पर्लचं कपाट खिडकीखाली लावलंस. मी शिवणयंत्रावर होते. मी थांबवलं नाही. आई आली, दारात उभी राहिली, टोपली खाली ठेवली आणि एकटीनं पलंग ओढत पुन्हा जागेवर नेला. मग तुला म्हणाली, "तू तुझ्या भावाला सांगितलंस की इथे येऊ नकोस." तूही तापट. "तो समुद्राच्या तळाशी आहे आई, त्याला पलंग नको आहे," असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलास. तुम्ही जहाजावर चढलात तेव्हा निरोपाला किंग्स्टनच्या धक्क्यावर मी एकटीच होते.

तिकडे गेल्यावर तू युद्धात हरवलेल्यांच्या त्या स्मारकावर गेलास. भिंतीवर कोरलेल्या त्याच्या नावावर कागद धरून, पेन्सिल घासून नाव उमटवून पाठवलंस. मी आईला दाखवलं. तिनं बोट फिरवलं कागदावरून. किती नावं आहेत म्हणून विचारलं. मी सांगितलं, तू लिहिलंस की हजारो आहेत, ज्यांची कबर कुठेच नाही अशांची सगळी. ती म्हणाली, "एवढी पोरं आणि एक भिंत." मग कागद ट्रंकेत ठेवायला लावला. तुझी पत्रं ती माझ्याकडून दोन-दोनदा वाचून घ्यायची, पण तुला दोन ओळी लिहू का म्हटलं की उठून कोंबड्यांकडे जायची.

तिच्या सांगण्यावरून मी पत्रं लिहायची ती फक्त मिसेस कॉथॉर्नला. यॉर्कशरची बाई, तिचा रोनल्ड त्याच विमानात नकाशे बघायचा. ऑब्रे सुट्टीत एकदा तिच्या घरी जेवला होता, तेवढी ओळख. दरवर्षी विमान गेलं त्या तारखेला ती समुद्रावर जाऊन बसते आणि घरी आली की आईला पत्र लिहिते. फुलं कुठे ठेवायची कळत नाही, पाण्यात टाकली की लाट परत आणून देते, असं तिनं एकदा लिहिलं होतं. आई म्हणाली, "लिही तिला, फुलांच्या भानगडीत पडू नकोस. खोली राख." दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही, आणि बोलायच्या मात्र सख्ख्या जावांसारख्या.

तीन वर्षांपूर्वी तिचं फार दुःखी पत्र आलं. नवरा गेला, घर चालवायला तिनं रोनल्डच्या खोलीत भाडेकरू ठेवला. पलंग विकला. तुम्ही सांगितलं होतं आणि मला राखता आली नाही, मला क्षमा करा, असं आईला लिहिलं होतं. आई त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "घे कागद. लिही. काही बिघडलं नाही. तिथे त्याला खोली मिळाली नाही तर ऑब्रे त्याला इकडे घेऊन येईल. पलंग मोठा आहे." मी म्हटलं, "आई, ती म्हातारी घाबरेल." म्हणाली, "तू लिही. ती आई आहे." त्या पत्राला जे उत्तर आलं त्यात एकच ओळ होती. देव तुमचं भलं करो, मला काल झोप लागली.

आता शेवटचे दिवस. ऑगस्टमध्ये तिच्या पायांवर सूज आली. एके सकाळी म्हणाली,

"मला त्या खोलीत ने."

"कुठल्या?"

"राजवाडा आहे का हा? ऑब्रेच्या."

बावीस वर्षं त्या पलंगावर कुणी पाठ टेकली नव्हती. दर शनिवारी मी चादर बदलायची, उशी उन्हात टाकायची, लाल पॉलिश लावून नारळाच्या ब्रशनं लाकडी जमीन घासायची, पलंगाच्या पायांखालची सोडून. तोंडानं बडबड चालूच असायची माझी. आणि आता ही स्वतःच त्यावर झोपायला निघाली.

"समुद्र दिसतो तिथून," ती म्हणाली. मला वाटलं, तेवढंच कारण.

तिथे पडल्यावर ती खूप बोलायला लागली. एक दिवस अचानक विचारलं, "विल्मटनं पलंग हलवला तेव्हा मी बाजारातून कधी आले होते?"

"दुपारी. ऊन डोक्यावर होतं."

"म्हणजे सकाळी हलवला आणि दुपारी मी परत लावला."

"हो."

"ऑब्रे कधी दुपारी घरी आलाय का? अंधार पडल्याशिवाय त्या पोराला घर आठवायचं नाही." मग खिडकीकडे वळली. "उगाच राग धरून बसले गं मी. काहीच बिघडलं नव्हतं. लिही त्याला."

"तू सांग, मी लिहून घेते."

"हेच लिही. दुपारी तो आलाच नसता."

विल्मट, बारा वर्षांत आईनं तुझ्यासाठी सांगितलेलं हे एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, तिला तसं बोलताच यायचं नाही. पण तिच्या हिशेबानं तुझा दोष राहिला नाही, आणि तो हिशेब करून ती मोकळी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी त्याच आठवड्यात लिहिणार होते. मग तिचा श्वास अडकायला लागला, आणि तुला पत्राऐवजी तार आली.

शेवटून दुसऱ्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते. म्हणाली, "माझी नववी रात्र नीट कर. सगळं फिरव. मला परत येऊन तुझं हे लांबट तोंड बघायचं नाही."

मी हसले. मग विचारलं, "आणि हा पलंग?"

"मी यावरच जाणार आहे ना? मग हलवावाच लागेल तुला." माझा हात धरला. "तू किती वर्षं चादर बदलत बसणार आहेस, आयसी?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समुद्र दिसतो म्हणून ती तिथे आली नव्हती. तिच्या हातानं पलंग हलवणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून तिनं मरण आणून त्यावर ठेवलं, म्हणजे मला हलवायलाच लागेल. ही सगळी खटपट माझ्यासाठी होती. बावीस वर्षं मी डोळे फिरवत होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

नववी रात्र मी चांगली केली. मिस एफीसुद्धा मिठाखेरीज कशातच खोट काढू शकली नाही. गेलेल्यांसाठी मेज मांडलं, आईचं ताट, भात, बकऱ्याचा रस्सा, रमचा ग्लास. शेजारी तळलेले मासे ठेवले, आणि एका बशीत वेगळे मासे, बिनमिरचीचे. मास नेथननं बशी उचलून वास घेतला.

"हे आजाऱ्याचं जेवण कुणासाठी?"

"ऑब्रेच्या सोबतच्या पोरांसाठी," मी म्हटलं. "गोरी पोरं, त्यांना आपली मिरची सोसायची नाही."

मास नेथननं बशी हळूच जागेवर ठेवली. तोच पुढे बोलणार होता, आईला निरोप देण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं दारात रम शिंपडली आणि म्हणाला, "अडीना, तुझं सगळं झालं. आता मागे वळू नकोस." पुतण्यांनी पलंग उचलला, आतल्या भिंतीला नेऊन ठेवला, गादी उलटवली. मी आरसा फिरवला. एवढं निर्विघ्न झालं.

मग तो माझ्याकडे वळला. "आयसी, ऑब्रेचंही आजच उरकू. पलंग हललाच आहे. मी त्याचं नाव घेऊन जा म्हणतो, पोर सुटेल. तूही सुटशील."

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. कित्येकांच्या चेहऱ्यावर आशा होती, त्यांनाही आपल्या घरावरून निवांत जायचं होतं. आणि बरोबरच होतं ते. आईचीही तीच इच्छा होती. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते वेगळंच.

"जेवायला बोलवा त्याला. जा म्हणू नका."

मिस एफीनं कपाळाला हात लावला. मास नेथन मात्र चिडला नाही. त्याचा भाऊ पेड्रोच्या बेटांकडे मासेमारीला गेला तो आलाच नाही, हे तुला माहीत आहे. म्हातारा बाकीच्यांना म्हणाला, "पोरगी बरोबर बोलते. जा तरी कसं म्हणायचं? तो अजून आत आलाच नाहीये." आणि त्यानं पुढची ओळ धरली, सगळ्यांनी गायला सुरुवात केली, विषय संपला.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. हो, पलंग हलवला. आईसाठी जसा हलवायला हवा तसाच.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे घरी गेल्यावर मी जमीन पुसायला त्या खोलीत गेले. पलंग होता तिथे लाकडावर चार फिकट ठिपके राहिले होते, कधी पॉलिश न लागलेले. म्हटलं, आता पॉलिश लावून सगळं एकसारखं करून टाकू. डबा उघडला, ब्रश घेतला, गुडघ्यांवर बसले. हात पुढे जाईना. मी मोठ्यानं रडले, विल्मट. आई गेली तेव्हा आलं नव्हतं एवढं रडू आलं. मग उठले आणि पलंग ओढून परत त्याच्या जागेवर नेला. अजून कंबर दुखते. चादर घातली, धुतलेली.

आईचं काही बिघडलं नाही. तिची रात्र झाली, ती तिच्या वाटेनं गेली, आता पलंग कुठे आहे याच्याशी तिचा संबंध नाही. मी मनाशी म्हटलं, मिसेस कॉथॉर्नला शब्द दिला आहे, तिच्या रोनल्डला दुसरीकडे कुठे पलंग नाही, म्हणून ठेवायला हवा. तिला मी तसं लिहिणारही आहे. पण तुला खरं सांगते, ते निमित्त आहे.

क्लिफ्टन आठवतो? शाळेजवळचा सुतार, मला मागणी घातली होती. चांगला माणूस होता, हसवायचा. त्याला इथेच येऊन राहायचं होतं, समुद्राकडची खोली आपण घेऊ म्हणाला, मोठं कपाट करायला घेतलं होतं माझ्यासाठी. मी नाही म्हटलं. गावाला सांगितलं, आईमुळे. तुलाही तेच लिहिलं होतं आणि तू आईला आणखी चार शिव्या घातल्यास. आईनं मला एका शब्दानं अडवलं नव्हतं. उलट तिनं क्लिफ्टनला जेवायला बोलावलं होतं. तो त्या खोलीत मापं घ्यायला शिरला, पट्टी घेऊन पलंगाच्या कडेला बसला, आणि मला एकदम असं वाटलं की ऑब्रे फाटकापर्यंत आला आणि आत दुसऱ्याच कुणाला बघून मागे फिरला. लग्न तिथेच मोडलं, माझ्या मनात.

मला तो हवा आहे रे. एवढंच आहे. तू लहान होतास, तुला तो गणवेशातल्या फोटोतला आठवत असेल. मला त्याची शीळ आठवते. मला शाळेतून आणायला यायचा आणि स्वतःच झाडावर चढून बसायचा, मी शोधत बसायची. भिंतीवर नाव आहे, चर्चमध्ये वाचतात, लोक हळहळतात, पण मला हात कशाला लावू ते कळत नाही. ज्यांची कबर असते त्यांचं माणूस कुठेतरी असतं. आपला कुठेच नाही, म्हणून मला तो सगळीकडे शोधावा लागतो. त्या चार ठिपक्यांवर उभा असलेला पलंग तेवढा आहे, जिथे तो नाही हे मला नेमकं माहीत आहे. तिथे मला बरं वाटतं.

तू रागावशील. ज्या पलंगापायी तुझं घर सुटलं तो हलला आणि बहिणीनं परत लावला. रागाव. मग वर आईचं वाक्य लिहिलं आहे ते पुन्हा वाच, आणि तरीही राग राहिला तर तसं लिही, मी ऐकून घेईन. पर्लला सांग, आईची खोली आता रिकामी आहे, ती मी धुऊन घेतली आहे, तिथे हवं ते कपाट हव्या त्या भिंतीला लावा. बाळानं बाळसं धरलं की सगळे या. बारा वर्षं झाली, मी तुझ्या मुलांना फोटोतच मोठं होताना पाहते आहे.

फक्त येताना एक कर. किंग्स्टनहून निघायला उशीर झाला तर रात्र तिथेच काढा आणि उजेडात घरी पोचा. अंधार पडल्यावर दार वाजलं तर माझा जीव दुसऱ्याच माणसासाठी धावेल, आणि दार उघडल्यावर माझा जो चेहरा होईल तो तुझ्या वाट्याला येऊ नये. तुला दारात बघून मला आनंदच झाला पाहिजे. दिवसा ये, म्हणजे होईल.

तुझीसुद्धा वाट बघणारी,
आयसी